झरीचा कोयता आणि बापाची भाकर

परभणीच्या एस.टी. स्टँडवर जिंतूरकडे जाणारी गाडी लागली, की खिडकीतून आधी पिशवी आत जाते आणि माणूस मागाहून. आमचीही पिशवी अशीच आत गेली. आतल्या एका मावशीने ती मांडीवर धरून ठेवली म्हणून जागा मिळाली. "कुठं जायचं?" मावशीने विचारले. "झरीला," म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग बसा निवांत. झोप लागली तर मी उठविते."

झरी नावाची गावे बरीच आहेत. झरी-जामणी म्हणून यवतमाळ जिल्ह्यात एक तालुकाच आहे. आम्ही निघालो होतो ती झरी परभणी तालुक्यातली, परभणी-जिंतूर रस्त्यावरची, शहरापासून वीसेक किलोमीटरवरची. दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्याच्या खुणा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसत होत्या. सोयाबीन जागेवर कुजून काळे पडलेले. कापसाची बोंडे फुटली होती, पण कापूस पांढरा नव्हता, मळकट झाला होता. जमीन मात्र अशी काळीभोर, की मूठभर माती हातात घेतली तर बोटांना चिकटून राहावी. याच मातीच्या जोरावर परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ उभे राहिले. ज्वारीच्या 'परभणी मोती' आणि 'परभणी शक्ती' या वाणांना नाव मिळाले ते याच जिल्ह्याचे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणीही या जिल्ह्यापर्यंत येते. पाणी आहे, माती आहे, विद्यापीठ आहे. मग दर दिवाळीनंतर इथली माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन तीन-चारशे किलोमीटरवर ऊस तोडायला का जातात?

याचे उत्तर आम्हांला गाडीतच मिळाले. मावशी म्हणाली, "पाणी शेताला लागतंय भाऊ. ज्याला शेतच नाही, त्यानं पाणी कुठं घालावं?"

आम्ही गेलो होतो ते एका कुटुंबाला भेटायला. नाव लिहीत नाही. मुकादमाची बाकी अंगावर आहे आणि पेपरात नाव आलेले त्याला चालणार नाही. आपण त्यांना दादा म्हणू. वय चाळीसच्या आत, शिक्षण सातवी. घरात म्हातारी आई, पत्नी, दहावीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. रमाई योजनेतून घरकुल मिळालेले, पण गिलावा व्हायचा राहिलेला. समोरच्या भिंतीवर तथागत, बाबासाहेब आणि रमाई यांच्या तसबिरी आणि त्यांच्या खाली खिळ्याला अडकवलेला कोयता. अडकवलेला कसला, धार लावून निघायच्या तयारीत असलेला.

"जय भीम" झाला, पाणी झाले, चहा झाला. म्हाताऱ्या आईने आमच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारले, "लेकरा, तू मुकादमाकडला का रे?" नाही म्हटल्यावर तिला बरे वाटले.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्या शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. ऊसतोडीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मुकादम कारखान्याशी किंवा वाहनवाल्याशी करार करतो आणि पावसाळ्यातच, घरातले धान्य संपत आलेले असताना, गावोगाव उचल वाटतो. एका जोडीला पन्नास हजारापासून लाखापर्यंत, कधी त्याहून जास्त. ही उचल सहा महिन्यांच्या तोडणीतून फेडायची. पश्चिम महाराष्ट्रातले सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, नगर, नाहीतर त्याच्याही पलीकडे कर्नाटक आणि गुजरात. नोव्हेंबरात गाळप सुरू होते आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडला की सुटका. आठवड्याला हाती मिळते ती खर्ची, आणि तीही हिशेबात धरली जाते.

फडातला दिवस पहाटे सुरू होतो. तीनला बाई उठते, चूल पेटवते, दिवसभराच्या भाकरी करून फडक्यात बांधते. चारला दोघेही फडात. ऊस बुडख्यापासून तोडायचा, पाचट सोलायचे, शेंडा छाटायचा, मोळी बांधायची. मग त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायच्या. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. पाचटाची पाने ब्लेडसारखी असतात. दादांनी हात पुढे केले. तळव्यावरच्या रेषा कुठल्या आणि पाचटाने कापल्याच्या कुठल्या हे आम्हांला ओळखता येईना.

"आणि कामाचे तास?" आम्ही विचारले. दादांच्या पत्नी हसल्या. त्यांना आपण वहिनी म्हणू. म्हणाल्या, "तास शाळेत असतात भाऊ."

आम्हांला राहून राहून एक गोष्ट आठवत होती. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगाराचा दिवस आठ तासांचा असावा यासाठी त्यांनी जे केले, त्यातून १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आला. साखर कारखान्यात यंत्रावर उभा राहणारा कामगार त्यामुळे आठ तासांच्या पाळीत काम करतो. ऊस तोच, साखर तीच. पण फाटकाच्या आत आठ तास आणि फाटकाच्या बाहेर सूर्य उगवायच्या आधीपासून गाडी भरेपर्यंत! बाहेरचा माणूस कारखान्याचा नव्हे, मुकादमाचा. आणि मुकादम म्हणतो, मी कोण? मीही कारखान्याचाच नोकर.

बाईमाणसाचे हाल तर विचारू नका. मध्येच कुणी आजारी पडले, बाई बाळंत झाली, पाळीच्या दिवसांत उठवेना, तरी खाडा धरला जातो आणि खाड्याचा दंड हिशेबातून कापला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचा गवगवा झाला तेव्हा २०१९ मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून चौकशी केली होती. वहिनींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "चौकशी झाली ते बरंच झालं. पण फडात संडास कुठं आलाय अजून?"

जगात अशी माणसे ठिकठिकाणी आहेत. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने मेक्सिकोतून लाखो मजूर कराराने आपल्या शेतांवर नेले. त्यांना 'ब्रासेरो' म्हणत. त्यांच्या भाषेत 'ब्रासो' म्हणजे हात. म्हणजे तिकडे माणसाला हात म्हणत आणि आपल्याकडे कोयता म्हणतात! सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतले दहा टक्के बचत म्हणून कापून ठेवले जात, आणि कित्येकांना ते पैसे कधी दिसलेच नाहीत. कॅलिफोर्नियात या मेक्सिकन मजुरांच्या हातात इतक्या आखूड दांड्याचे खुरपे देत, की दिवसभर कंबर सरळ करता येत नसे. मजूर लढले, आणि ते खुरपे १९७५ मध्ये बंद झाले. एका बाबतीत मात्र आपली तऱ्हा वेगळी आहे. ब्रासेरो बाप एकटा जाई, बायको-लेकरे गावी राहत. आपल्याकडे बायको ही कोयत्याची अर्धी बाजू आहे. ती गेली नाही तर कोयताच होत नाही. आणि आईबाप दोघेही गेले तर लेकरांनी कुठे जायचे?

लेकरांचे आजवर दोनच मार्ग होते. एक, आईबापाच्या मागे फडात जायचे, शाळा सोडायची, लहान भावंडाला सांभाळायचे आणि बारा-तेरा वर्षांचे झाले की मोळ्या ओढायला लागायचे. दुसरा, आजीजवळ गावात राहायचे. आजीजवळ राहणाऱ्यांसाठी शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवणाची सोय असते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवान बाबा वसतिगृह योजना आली, तिच्यात परभणी जिल्हाही आहे. दादांनी पहिल्यापासून दुसरा मार्ग धरला. मुलगी पहिलीत गेली त्या वर्षापासून तिला फडात नेले नाही.

"मी स्वतः फडातच मोठा झालो," दादा म्हणाले. "बापाच्या मागं. सातवीत होतो तवा माय आजारी पडली, कोयता अर्धा झाला. मंग दुसरा अर्धा मी झालो. तवाच ठरविलं, आपल्या लेकराला कोयत्याचा अर्धा करायचं नाही."

दादांचे एक वागणे आम्हांला फार आवडले. उसाचा छाटलेला शेंडा, त्याला वाढे म्हणतात, जनावरांच्या वैरणीला विकला जातो. तोडणीचे पैसे उचलीत जातात, ते डोळ्यांनी दिसतच नाहीत. वाढ्याचे पैसे मात्र रोज संध्याकाळी रोख हातात येतात. कुणी ते मीठ-मिरचीला वापरतात, कुणी दारूत घालतात. दादांच्या कोपीत एक पत्र्याचा डबा आहे. "वाढ्याचा पैसा लेकराचा," असा त्यांचा नियम. वह्या, गाइड, बूट, परीक्षेचा फॉर्म, सगळे त्या डब्यातून. एकदा वहिनींना ताप आला होता. डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी डब्याला हात लावू दिला नाही म्हणून नवरा-बायकोचे भांडण झाले होते. "मंग?" आम्ही विचारले. "मंग काय," वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी टोळीतल्या माणसाकून उसने आणले, अन् मी दुसऱ्या दिवशी कामाला गेले. खाडा कोण भरणार?"

दुसरे त्यांचे वागणे फोनचे. रात्री आठला झरीहून मुलीचा फोन यायचा. फोन विहिरीवरच्या मोटारीपाशी नाहीतर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करून ठेवलेला असे. मुलीने त्या दिवशीचा धडा फोनवर मोठ्याने वाचायचा आणि बापाने भाकरी खाता खाता ऐकायचा. समजले नाही तर विचारायचे. "लई येळा मलाच समजायचं नाही," दादा हसून म्हणाले, "पण मी विचारलं की तिला पुन्हा सांगावं लागायचं. मंग तिचं पक्कं व्हायचं." हळूहळू शेजारच्या कोपीतली माणसेही येऊन बसू लागली. इतिहासाचा धडा असला की गर्दी जास्त. गणिताच्या दिवशी कुणी येत नसे.

२०२० सालची गोष्ट. ऊसतोडीला गेलेला आपला माणूस कुठेही असो, चौदा एप्रिलच्या आत गावी पोचायची त्याची धडपड असते. पट्टा लवकर पडला तर मार्चअखेरच घरी, नाहीतर मुकादमाच्या पाया पडून का होईना, जयंतीला झरीत. त्या वर्षी टाळेबंदीत सगळे अडकले. टोळी कारखान्याच्या आवारात, लेकरे आजीजवळ, मध्ये बंद रस्ते. जयंती तिथेच झाली. एका मोळीवर प्रतिमा ठेवली, फुले नव्हती म्हणून वाढ्याचा हार केला. तीन दिवसांनी, सतरा एप्रिलला, सरकारने या कामगारांना गावी जायची परवानगी दिली. तेव्हा अडतीस कारखान्यांच्या निवाऱ्यांत मिळून एक लाख एकतीस हजार पाचशे माणसे थांबलेली होती. झरीला आल्यावरही घरात जाता आले नाही, आधी गावाबाहेर राहावे लागले. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. रोज संध्याकाळी ती लांब उभी राहून धडा वाचून दाखवायची. "ओरडून वाचायची," आजी म्हणाली, "सगळ्या वस्तीला पाठ झाला."

आता याच मुलीचे दहावीचे वर्ष आहे, आणि सगळी गोष्ट तिथेच अडली होती.

श्रावणात एक स्थळ आले. मुलाकडे दोन एकर, मुलगा ऊसतोडीलाच जाणारा. नात्यातल्या चार जणांनी दादांना समजावले. म्हातारीची नजर गेलेली, तुम्ही दोघं सहा महिने बाहेर, पंधरा-सोळा वर्षांची पोर घरात एकटी. कुणी काही बोललं तर काय करशील? उजवून टाक. जावयाचाही कोयता होईल. या शेवटच्या वाक्यात सगळे आले. मुलीचे लग्न झाले, की एक नवा कोयता तयार होतो आणि एक नवी उचल मिळते. ऊसतोडीच्या गावांत पोरींची लग्ने लवकर का होतात याचे कोडे शहरात बसून सुटत नाही. त्याची किल्ली इथे आहे. मुलीचे लग्न अठरा वर्षांच्या आत करू नये हा २००६ चा कायदा सगळ्यांना ठाऊक असतो. पण कायदा रात्री घराला कडी लावायला येत नाही, असे नातेवाईक म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही.

दादांनी स्थळ परत पाठवले. दोन बहिणी रागावून गेल्या, अजून बोलत नाहीत. मग त्यांनी मुकादमाला सांगितले, यंदा बायको येणार नाही. मुकादम म्हणाला, अर्धा कोयता मला नको, उचल परत दे. उचल कुठली परत करणार? दीड एकर गायरान आजोबांपासून वहीत आहे, त्यातले सोयाबीन सप्टेंबरच्या पुरात गेले. नुकसानभरपाई नाही, कारण सातबारावर नाव नाही. १४ एप्रिल १९९० च्या आधीपासूनची अतिक्रमणे नियमित करण्याचा सरकारी निर्णय १९९१ चा आहे. आजोबांचा दंडाच्या पावत्यांचा पुडका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला आम्ही पाहिला. पण कार्यालयाचे खेटे घालून तिसरी पिढी आली, नाव काही चढले नाही. मुलीला विचारले, पुढे काय व्हायचे? ती म्हणाली, "तलाठी." का, तर म्हणे, "पहिल्यांदा आमचाच सातबारा लिहीन."

शेवटी वाट निघाली ती घरातूनच. दादांच्या धाकट्या भावाची बायको गरोदर आहे, तीही यंदा जाऊ शकत नाही. मग दोन भावांचे दोन अर्धे मिळून एक कोयता. दोन पुरुषांचा कोयता म्हटल्यावर मुकादमाने मान हलवली. दोघांची मिळून उचल एक लाख.

हिशेब आम्ही तिथेच मुलीच्या वहीत केला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात चौतीस टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये. हंगाम एकशेतीस दिवसांचा धरला तर ९५ हजार १६०. उचल एक लाख. एकही खाडा न होता, एकही दिवस आजारी न पडता, पाच हजारांच्या आसपास बाकी! आणि खर्ची वेगळीच. ही बाकी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे ओढून नेते. संविधानाच्या तेविसाव्या कलमाने वेठ बंद केली आहे. वेठीला आता उचल म्हणतात, एवढाच फरक आम्हांला दिसला. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाचे महामंडळ झाले आहे, टनामागे दहा रुपये कारखान्यांनी त्यात द्यायचे ठरले आहे. दादांना ओळखपत्राबद्दल विचारले तर म्हणाले, "ग्रामसेवकाकडं नाव दिलंय."

"दोन गडी हावोत, अडीच टन तोडू," दादा म्हणाले.

"मी काय कमी तोडते का?" वहिनी आतून म्हणाल्या. "मोळी तर मीच जास्त बांधते. तिथं गेल्यावर कळंल."

मग एक भलतीच अडचण पुढे आली. दोन गडी जाणार, मग भाकरी कोण करणार? टोळीतल्या दुसऱ्या बाईला सांगावे तर तिच्या डोक्यावर आधीच चार माणसांच्या भाकरी. विकत खाव्यात तर डब्यातले पैसे जाणार. दादांनी ठरवले, आपणच शिकायचे.

आम्ही पोचलो त्या संध्याकाळी त्यांची शिकवणी चालली होती, हे आम्हांला चहा पिऊन झाल्यावर समजले. बाप चुलीपुढे मांडी घालून बसलेला. पुढ्यात परात, ज्वारीचे पीठ. एका बाजूला बायको, एका बाजूला लेक, दारात शेजारपाजारची पाच-सहा डोकी. उसाची वीस किलोची मोळी लीलया डोक्यावर घेणारे ते हात पिठाच्या गोळ्यापुढे लटपटत होते. भाकर थापताना कडेला चिरत होती. "पाणी कोमट घ्या," वहिनी म्हणत होत्या. "मळा अजून. ज्वारीला मळल्याबिगर चिकटा येत नाही." तव्यावर टाकताना निम्मी भाकर हातालाच राहिली. दारातला एक म्हातारा म्हणाला, "आरं बापाच्या जातीला हे शोभतंय का?" त्यावर मुलगी पटकन म्हणाली, "आजोबा, तुमी खायाला बसलाव तवा शोभतं का?" सगळे हसले. म्हाताराही हसला.

तिसरी भाकर मात्र गोल झाली. फुगली नाही, पण गोल झाली. ती आम्हांला वाढली. ठेचा आणि वरणाबरोबर आम्ही ती खाल्ली. मधोमध जरा कच्ची होती, हे खरे लिहिलेच पाहिजे. या पानावर बापाचे कौतुक छापून येईल असे आम्ही म्हणालो, तर वहिनी म्हणाल्या, "लिवा की. पण बारा वर्सं पहाटं तीनला उठून कोणी केल्या तेबी लिवा." लिहिले, वहिनी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. रस्त्याच्या कडेला बिऱ्हाडे लागली होती. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, ताडपत्र्या, पाण्याची पिंपे, एका ट्रॉलीत दोन शेळ्याही. कुणाच्या कडेवर लहान मूल, कुणाचे मूल आजीच्या कडेवर आणि आईकडे हात पसरून रडणारे. त्या आईने ट्रॉलीत तोंड फिरवून बसून घेतले. कुणी काही बोलत नव्हते. ड्रायव्हरने मोठ्याने गाणे लावले होते, ते कुणीतरी बंद करायला लावले.

दादांनी कोयता पोत्यात गुंडाळून ठेवला. पत्र्याचा डबा मात्र हातातच. वहिनींनी तवा आणि परात गोधडीत बांधून दिली, वर पाच किलो पीठ. मुलाने बापाच्या खिशात चार्जर घातला. मुलीने काय दिले ते आम्ही पाहिले नाही, कारण ती दोघे जरा बाजूला जाऊन बोलली. दहावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू व्हायची आहे. तेव्हा हंगाम ऐन भरात असेल. पहिल्या पेपरला बाप नसणार हे दोघांनाही ठाऊक होते. ट्रॅक्टर हलला तेव्हा आजीने कुणाकडे तरी, म्हणजे चुकीच्याच बाजूला, हात हलवला. मुलीने तिचा हात धरून ट्रॉलीकडे वळवला.

यानंतरचे थोडेसे. सहा डिसेंबरला आम्ही दादरला चैत्यभूमीच्या रांगेत होतो. रात्री रांग थांबली तेव्हा आठवण आली म्हणून दादांना फोन लावला. फडातच होते. कोपीपुढे मेणबत्ती लावून टोळीतल्या आपल्या पाच घरांनी वंदना घेतली म्हणाले. गाडी भरायची म्हणून घाईत घेतली. एक खाडा झाला होता, भावाच्या पायाला कोयता लागला, दोन टाके पडले. डबा निम्मा भरला होता.

"आणि भाकरी?" आम्ही विचारले.

"रोज आठ करतो. दोन फुगतात, बाकीच्या चिरतात. भाऊ गुमान खातो." मग एकदम म्हणाले, "भाऊ, ठेवतो बरं का. आठ वाजले. पोरीचा फोन यायलाय."